आमच्या गल्लीचा एकच पासवर्ड

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तेव्हा मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला पहिला मीच, त्यामुळे त्याचं काय करायचं ते मला माहीत असणार असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. मला फारसं काही माहीत नव्हतं. पण तसं म्हणायची मला लाज वाटायची. पुढे जे झालं त्यात या लाजेचाही हात आहे, म्हणून ते आधीच सांगून टाकतो.

आमची गल्ली सिंदी मेघेतली. वीस-बावीस घरं, सगळी बौद्धांची, आणि टोकाला विहार. बाबा वर्ध्याला एका सरकारी कार्यालयात शिपाई होते. कॉम्प्युटर जुनाच, कॉलेजातल्या एका सीनियरला पुण्यात नोकरी लागली तेव्हा त्याच्याकडून घेतलेला. समोरच्या खोलीत लोखंडी टेबलावर तो ठेवला आणि आईने जुन्या साडीचा कपडा शिवून त्याच्यावर झाकण घातलं. नेटसाठी टेलिफोनची तार जोडावी लागे. नेट चालू असलं की फोन बंद, आणि आमच्याच फोनवर अर्ध्या गल्लीचे फोन यायचे. मी दहा मिनिटं बसलो की कुणीतरी दारात येऊन म्हणायचंच, "झालं काय रे तुहं इंटरनेट? माह्या जावयाचा फोन येऊन राह्यला."

मला व्हायरसची फार भीती होती. कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये सरांनी व्हायरसबद्दल असं काही सांगितलं होतं की ते माझ्या डोक्यातून जाईना. मी घरात नियम केले. कुणाचीही फ्लॉपी तपासल्याशिवाय टाकायची नाही. अनोळखी मेल उघडायची नाही. दर रविवारी सगळी डिस्क तपासायची. तपासणीची हिरवी पट्टी स्क्रीनवर मुंगीसारखी सरकत असताना मी समोर बसून राहायचो, कुणी आजारी माणसाच्या उशाशी बसावं तसा. आईला वाटायचं व्हायरस धुळीतून येतो, म्हणून ती खोलीत चप्पल घालू द्यायची नाही. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. निदान धूळ तरी येत नव्हती.

माझी बहीण हसायची. "दादा, तू याले रोज आंघोळ घालत जा," म्हणायची. ती बारावीला होती, सायन्सला, आणि माझ्यापेक्षा हुशार. हे मी आज मोठेपणाने लिहीत नाही, तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं.

हळूहळू गल्लीतले लोक फॉर्म घेऊन यायला लागले. कुणाला ईमेल काढून पाहिजे, कुणाच्या मुलाला भरतीचा अर्ज करायचा. प्रत्येक ठिकाणी पासवर्ड मागायचे.

"काय ठेवू?" मी विचारायचो.

"तूच ठेव न. आमाले काय समजते?"

"लक्षात राहिला पाहिजे."

"मंग असा ठेव का इसरनारच नाई."

मग मी ठेवायचो. इंग्रजी अक्षरांत जयभीम, आणि त्याला जोडून जयंतीची तारीख. तो माझा स्वतःचाही पासवर्ड होता. कुणी विसरायचा प्रश्नच नव्हता. माणूस सकाळी घराबाहेर पडला की पहिल्या भेटणाऱ्याला जे म्हणतो, तेच टाइप करायचं. अक्षरं शोधून शोधून एका बोटाने ते टाकताना म्हाताऱ्या माणसांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं. मलाही छान वाटायचं. कॉम्प्युटरसुद्धा आपल्या लोकांना ओळखतो, असलं काहीतरी मी मनात म्हणत असे. आज ते आठवलं की मला स्वतःचाच राग येतो. आठवडाभर व्हायरस शोधणारा मी, आणि अख्ख्या गल्लीला एकाच किल्लीची कुलुपं मीच वाटत होतो.

बहिणीची बारावी झाली. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाची गुणवत्ता यादी लागली तेव्हा तिचा नंबर सरकारी कॉलेजच्या अगदी काठावर होता. आदल्या वर्षी आमच्या प्रवर्गातली शेवटची जागा ज्या नंबरावर गेली, त्याच्या आसपासच. सरकारी कॉलेज मिळालं तर ती इंजिनिअर होणार होती. नाही मिळालं तर खासगी कॉलेजात पाठवणं बाबांच्या आवाक्यात नव्हतं, आणि बी.एस्सी.ला माझ्यामागे टाकायचं हे घरात न बोलता ठरलेलं होतं. ती मात्र बोलायची. "मले तुह्यासारखं बी.एस्सी. करून बसायचं नाई," असं ती माझ्या तोंडावर म्हणायची आणि मी रागवायचो नाही.

गल्लीत अजून एक मुलगी त्याच यादीत होती, बहिणीची मैत्रीण. दोघी एकाच सायकलीवर ट्यूशनला जायच्या, एक पायडल मारायची आणि दुसरी मागे बसून सूत्रं पाठ म्हणायची. तिचा नंबर यादीत बहिणीच्या थोडा खाली होता. तिचे वडील दुसऱ्या एका कार्यालयात क्लार्क होते. त्यांना आम्ही काकाजी म्हणायचो. गल्लीत त्यांच्याइतकं सरकारी काम कुणाला कळत नसे. जातीचे दाखले, उत्पन्नाचे दाखले, पडताळणी, सगळ्यांचे कागद त्यांच्या हातून जायचे. माझ्या पडताळणीसाठी ते माझ्यासोबत तीनदा नागपूरला आले होते, रजा टाकून. बाबा म्हणायचे, "हा माणूस नसता त तू कॉलेजाचं गेट पाहून वापस आला असता." ते खरंच होतं.

त्या वर्षी कॉलेजांचा पसंतीक्रम पहिल्यांदाच ऑनलाइन भरायचा होता. दोन्ही मुलींचे अर्ज मी आमच्याच कॉम्प्युटरवर, एकाच बैठकीत भरले. एकामागोमाग एक केल्यामुळे दोघींच्या अर्जांचे नंबर पाठोपाठ आले. फरक फक्त शेवटच्या आकड्याचा. पासवर्ड दोघींचा तोच. काकाजी माझ्या खांद्यामागे उभे होते. मी टाइप करताना त्यांनी मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "वा! शाबास!"

दोघींनीही पहिल्या दोन जागी सरकारी कॉलेज टाकलं, दोन वेगवेगळ्या शाखांना. त्याखाली खासगी कॉलेजं. अर्ज पक्का करायचं बटण तेवढं दाबायचं राहिलं, कारण दोन शाखांपैकी वर कोणती ठेवायची हे बहिणीला तिच्या सरांना विचारायचं होतं. एकदा पक्का केला की त्यात बदल करता येत नसे. मुदत बुधवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. काकाजी म्हणाले, "आमचं मी पाहून घेतो. तुमी तुमचं पहा."

मंगळवारी सकाळी लोडशेडिंग सुरू व्हायच्या आत मी अर्ज उघडला. बहीण शेजारी स्टुलावर बसली होती, हातात चहा. तिने सरांना विचारलं होतं, क्रम तोच ठेवायचा होता. मी नंबर टाकला, पासवर्ड टाकला. वर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं की अर्ज पक्का झाला आहे. रविवारी, सकाळी अकरा वाजून बावन्न मिनिटांनी. आणि खाली यादी खासगी कॉलेजांपासून सुरू होत होती. पहिल्या दोन ओळी नव्हत्या.

"तू दाबलं काय?" मी विचारलं.

"मी कायले दाबन?"

"मग कुणी?"

तिने चहा टेबलावर ठेवला. टेबलावर चहा ठेवायचा नाही हा माझा नियम होता. ती स्क्रीनच्या इतक्या जवळ गेली की काचेला तिचं नाक लागलं. मग मागे सरकून म्हणाली, "दादा, तुह्या व्हायरसनं केलं काय हे?"

मला क्षणभर वाटलं, असेलही. खरं सांगतो, तेव्हा मी प्रार्थना करत होतो की व्हायरसच असू दे. पण रविवारी अकरा बावन्नला आमच्याकडे वीजच नव्हती. सिंदी मेघेला त्या दिवसांत सकाळी नऊ ते एक लोडशेडिंग असायचं. आणि आमच्या घरात तेव्हा कुणी नव्हतंच, रविवारची वंदना असल्याने अख्खी गल्ली विहारात होती. म्हणजे आमचा कॉम्प्युटर बंद पडलेला, धुतल्यासारखा स्वच्छ, आईच्या साडीखाली झाकलेला असताना कुणीतरी दुसऱ्याच ठिकाणी बसून माझ्या बहिणीचा अर्ज उघडला होता. कुलूप न तोडता.

आम्ही ऑटोने वर्ध्याला प्रवेश केंद्रावर गेलो. केंद्र एका कॉलेजच्या वाचनालयात होतं. तिथल्या मॅडम प्राध्यापक होत्या, चष्मा डोक्यावर सरकवून बोलायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"पासवर्ड कुणाकुणाला माहीत होता?"

"मला. आणि हिला."

"अजून?"

बहिणीने माझ्याकडे पाहिलं आणि सांगून टाकलं, "मॅडम, पूर्ण गल्लीले."

"काय होता, सांगाल?"

मी सांगितला. त्यांच्या बाजूच्या टेबलावर एक क्लार्क शिक्के मारत बसले होते. ते शिक्का मारता मारताच हसले. "मॅडम, यांच्यातल्या निम्म्यांचा हाच असतो. पोरं येतात, पासवर्ड विसरलो म्हणतात. मी यादीत प्रवर्ग पाहतो आणि आधी हाच टाकून पाहतो. उघडतो न!"

ते काही वाईट मनाने बोलले नाहीत. गंमत सांगावी तसं सांगत होते. पण माझे कान तापले. भिंतीवर यादी लावलेली होती. नाव, अर्जाचा नंबर, गुण, प्रवर्ग, सगळं त्यात होतं. जाणारा-येणारा कुणीही ती वाचू शकत होता. आणि प्रवर्गाच्या रकान्यावरून आमचं कुलूप ओळखता येत होतं. इतकी वर्षं त्या रकान्यावरून आम्हाला ओळखणारे लोक कमी होते काय? त्यात मी आणखी सोय करून दिली होती. मला त्या क्लार्कवर ओरडावंसं वाटलं. पण ओरडून काय म्हणणार होतो? तुम्ही आमचं अभिवादन का ओळखता, असं?

मॅडमनी क्लार्ककडे नुसतं पाहिलं, तेव्हा त्यांचा शिक्का थांबला. मग त्या आम्हाला म्हणाल्या, "पक्का झालेला अर्ज मी माझ्या अधिकारात पुन्हा उघडू शकत नाही. मुंबईच्या मुख्य कार्यालयाला फॅक्स करावा लागेल. त्याला जोडायला पोलिसांत दिलेल्या तक्रारीची शिक्क्याची प्रत पाहिजे. उद्या दुपारपर्यंत आणा. आणि तक्रार हिच्या नावाने पाहिजे, तुमच्या नाही. अर्ज हिचा आहे."

परत येताना ऑटोत बहीण एकदम म्हणाली, "रविवारी वंदनेले कोण नव्हतं?"

मी तोपर्यंत तो विचार करत नव्हतो. म्हणजे करत होतो, पण पूर्ण होऊ देत नव्हतो. घरी आल्यावर तिने आईला तोच प्रश्न विचारला. आईने भाजी निवडता निवडता बोटांवर मोजलं. दोन आजारी माणसं, एक बाळंतीण, "आन काकाजी. ते पोरीले घेऊन गाडीवर वर्ध्याले गेलते. फॉर्मचं काईतरी काम होतं म्हणे."

आईची बोटं तशीच थांबली.

बाबा कार्यालयातून आले तेव्हा आम्ही त्यांना सांगितलं. त्यांनी सायकलला स्टँड लावला, टोपी काढली आणि म्हणाले, "तोंड सांभाळून बोलजा. त्या मानसानं तुह्यासाठी नागपूरच्या पायऱ्या घासल्या."

"म्हणून हिची जागा त्यांना द्यायची काय?" मी म्हणालो. बाबांशी मी त्या आवाजात कधी बोललो नव्हतो.

"तुह्यापाशी पुरावा हाय काय?"

"नाही."

"मंग?"

बहीण तेव्हा उठून चपला घालत होती. ती एकटी निघाली, म्हणून मला मागे जावं लागलं. माझ्या मनात असतं तर मी दुसऱ्या दिवसापर्यंत विचारच करत बसलो असतो.

काकाजी अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचत होते. अजून ऊन होतं. आम्हाला पाहून नेहमीसारखं म्हणाले, "जयभीम! या, बसा." आम्ही दोघांनी जयभीम म्हटलं. सवयीने तोंडातून निघालं ते. बहीण म्हणाली, "काकाजी, रविवारी माहा फॉर्म कोणतरी पक्का करून टाकला."

"असं?" पेपर खाली आला नाही. "काऊन बा?"

"वरचे दोन कॉलेज काढून."

आता पेपर खाली आला. "नंबर चुकला असन कोणाचा. तुमच्या दोघीचा एका आकड्याचाच त फरक हाय. माह्याकडूनही चुकू शकते. वय झालं, चष्म्याचा नंबर वाढला…"

"तुमीच उघडला काय मंग?"

"मी कुठं म्हनतो मी उघडला? चुकू शकते म्हनलं."

"चुकीनं नंबर चुकन, काकाजी. चुकीनं दोन कॉलेज कसे निघतीन? तुमच्या पोरीचे निघाले काय?"

दाराच्या चौकटीत बहिणीची मैत्रीण येऊन उभी राहिली होती. ती कुणाकडेच न पाहता म्हणाली, "बाबा, रविवारी वर्ध्याले नेट कॅफेत बसले तेव्हा तुमी मले बाहेर उभं केलं. म्हणे, प्रिंट काढून आणतो. प्रिंट त आणलीच नाई." आणि ती आत निघून गेली.

काकाजी उभे राहिले. माझी अपेक्षा होती की ते ओरडतील. ते ओरडले नाहीत, त्याचा मला जास्त राग आला. ते समजावणीच्या सुरात बोलले, दाखल्यावर सही आणायला सांगतात त्याच सुरात. "हे पहा बेटा. तू हुशार हायस. तुले कुठंही भेटन. तुहा भाऊ हाय शिकलेला, उद्या कमवन. माह्या पोरीचं एकाच नंबरानं जाऊन राह्यलं होतं. बाहेरच्याचं थोडीच घेतलं? जागा आपल्यातच राह्यली असती न."

आपल्यातच. हा माणूस नागपूरच्या कार्यालयात माझ्या शेजारी बाकावर बसून मला म्हणाला होता की आपल्या हक्काचं असेल ते कुणी घेऊ लागलं तर सोडायचं नाही. आणि मी त्याच्यासमोर, त्याच्याच अंगणात, दोन्ही हात मागे बांधून उभा. मला इतका राग आला होता की रडायला येत होतं. आणि ते दिसू नये म्हणून मी पायाने माती उकरत होतो.

बहीण म्हणाली, "जागा माही होती, काकाजी. आपली नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा आमच्यासोबत ठाण्यात आले. रात्रभरात त्यांनी काय विचार केला ते त्यांनी सांगितलं नाही. शिपायाचा पांढरा ड्रेस घालून आले, इस्त्री केलेला. ठाण्यातले हवालदार कंटाळलेले होते.

"काय गेलं?"

"फॉर्म," मी म्हणालो.

"फॉर्म चोरीले गेला?"

"नाही, फॉर्म आहे. त्यातली दोन कॉलेजं गेली."

"कॉलेज गेले?" त्यांनी पलीकडच्या शिपायाकडे पाहिलं. "आयक रे, याईचे दोन कॉलेज चोरीले गेले! मोठे होते का लहान?"

पलीकडचा हसला. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"कुलूप तोडलं?"

"नाही. पासवर्ड टाकून उघडलं."

"मंग चावी कोणं देल्ली?"

"मी," मी म्हणालो. "मीच सगळ्यांना दिली."

"मंग तक्रार कोणावर? तुह्यावर लिहू काय?"

बाबा तोवर मागे उभे होते. ते पुढे आले आणि टेबलाच्या काठाला हात लावून म्हणाले, "सायेब, घराची चावी शेजाऱ्यापाशी राह्यते. शेजारी घरात शिरून भाकर घेऊन गेला, त चावी देनाऱ्याले तुमी चोर म्हनता काय?"

हवालदारांचं हसू गेलं. त्यांनी कागद पुढे सरकवला. "लिवा."

मी लिहिलं. संशय कोणावर, या ठिकाणी माझा पेन अडला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी 'अज्ञात व्यक्ती' असं लिहिलं. मॅडमना नुसती शिक्क्याची प्रत पाहिजे होती, नाव असलंच पाहिजे असं त्या म्हणाल्या नव्हत्या, असं मी स्वतःला समजावलं. बहिणीने सही करण्याआधी पूर्ण कागद वाचला.

"अज्ञात?" ती हळूच म्हणाली. "रोज आपल्या दारावरून जाते, थे अज्ञात?"

पण तिने सही केली. वेळ नव्हता. त्या एका शब्दाबद्दल मी आजही तिच्यासमोर मान वर करत नाही. मला भीती वाटली होती का? की नागपूरच्या त्या पायऱ्या आठवल्या? मला अजून ठरवता येत नाही.

केंद्रावर मॅडमनी फॅक्स केला आणि आम्ही वाचनालयाच्या व्हरांड्यात बसलो. बाबा कार्यालयात परत गेले. दोन वाजले, तीन वाजले. दर अर्ध्या तासाने मी आत डोकवायचो आणि मॅडम मान हलवायच्या. बहीण भिंतीवरच्या यादीसमोर उभी राहून आपलं नाव पाहत होती, आपला नंबर, आपला प्रवर्ग. मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "दादा, जे मोठ्यानं म्हनाचं असते, थे लपवाच्या कामी कसं येईन? तुले समजलं नाई काय एवढं?"

मी म्हणालो, "नाही समजलं."

चार वाजून पंचवीस मिनिटांनी मॅडमनी हाक मारली. अर्ज उघडला होता. त्यांनी बहिणीला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "आधी नवीन पासवर्ड. तूच टाक." शिक्केवाले क्लार्क उत्सुकतेने वाकले होते. मॅडमनी त्यांना चहा सांगायला पाठवलं. मग माझ्याकडे वळल्या. "तुम्हीसुद्धा तिकडे तोंड करा."

मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो, शाळेत शिक्षा झाल्यावर उभं करतात तसा. मागे टकटक ऐकू येत होती. बराच वेळ येत होती. एकदा थांबली, पुन्हा सुरू झाली. मला मोजायचं नव्हतं, तरी मी अक्षरं मोजत होतो आणि मग मोजणं सोडून दिलं. तिने पहिल्या दोन ओळी परत टाकल्या, तीनदा वाचल्या आणि अर्ज पक्का केला. प्रिंट निघाली, त्यावर चार वाजून एक्केचाळीस मिनिटं होती.

पंधरवड्याने कॉलेजवार यादी लागली. तिला सरकारी कॉलेज मिळालं, दुसऱ्या पसंतीची शाखा, तिच्या प्रवर्गातली शेवटची जागा. काकाजींच्या मुलीला खासगी कॉलेज मिळालं आणि काकाजींनी तिला पाठवलंही. तिच्याशी बहिणीची मैत्री तुटली नाही. गल्लीला हे समजायला जड गेलं.

मधल्या दिवसांत मी घरोघर फिरलो, सगळ्यांना पासवर्ड बदलायला सांगत. एकेकाला आमच्या घरी बोलावून कॉम्प्युटरसमोर बसवलं. प्रत्येक जण विचारायचा, "मंग आता काय ठेवू?" आणि मी म्हणायचो, "मला सांगू नका." त्यावर लोक रागवायचे. परक्यासारखं काऊन बोलतो, म्हणायचे. विहारात वंदना सांगणारे एक आजोबा तर खुर्चीवरून उठूनच उभे राहिले. "मी बदलनार नाई. माह्या बापानं हे म्हनलं म्हनून मार खाल्ला होता. मी लपवू काय आता?"

"म्हणायचं बदलू नका, आजोबा," मी म्हणालो. "कुलूप बदला."

त्यांना पटलं नसावं. मला सांगताही नीट आलं नाही. कॉम्प्युटरची चूक काय आणि माणसाची काय, हे त्यांना समजावताना काकाजींचं नाव मध्ये यायला पाहिजे होतं, आणि गल्लीत कुणीच ते नाव घेत नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं तरी. त्या गप्प बसण्याचा मला जो राग आला तो मी कुणावर काढू शकलो नाही, कारण कागदावर 'अज्ञात' लिहून पहिला गप्प बसलो होतो तो मीच. शेवटी आजोबांनी मला खोलीबाहेर काढलं, दार लावून घेतलं आणि अर्ध्या तासाने बाहेर येऊन विचारलं, "हे तारे-तारेच काऊन दिसून राह्यले? मी लिवलं थे कुठी गेलं?"

बहीण हॉस्टेलला निघाली त्या सकाळी ऑटो दारात उभा होता. ट्रंक, गादी आणि आईने दिलेला चिवड्याचा डबा. काकाजी आपल्या वळणावर उभे होते, कार्यालयाची पिशवी घेऊन. ते म्हणाले, "जयभीम, बेटा." नेहमीपेक्षा आवाज बारीक होता. बाबांनी मान खाली घातली. मी ट्रंक नीट लावायला वाकलो. बहिणीने ऑटोतून डोकं बाहेर काढलं आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली, "जयभीम, काकाजी!"

ते तिथून हलले नाहीत. मग तिने मला जवळ बोलावलं. मला वाटलं, काहीतरी मनातलं सांगते.

"दादा, कॉम्प्युटरले कपडा झाकत जाजो. धूळ लागन."

"तुझा पासवर्ड काय आहे, एकदा सांगून ठेव," मी म्हणालो. "कधी गरज पडली तर."

"तुले कायले पायजे?" ती म्हणाली आणि ऑटोवाल्याला म्हणाली, "चाला भाऊ."